शाळेत मोबाइलचा नियम कसा बसवावा: नव्या मुख्याध्यापकांसाठी आणि वर्गशिक्षकांसाठी

फाटकावर ‘मोबाइल आणण्यास मनाई’ अशी पाटी लावायला अर्धा तास पुरतो. जूनमध्ये लावलेला नियम जानेवारीतही पाळला जायला हवा असेल, तर मात्र काम एप्रिल-मे महिन्यातच सुरू करावे लागते. हा लेख महाराष्ट्रातल्या नेहमीच्या माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. एका तुकडीत ४० ते ६० मुले, मोजके शिपाई, बऱ्याच ठिकाणी सकाळ-दुपार अशी दोन सत्रे, आणि प्रत्येक मुलाला लॉकर देण्याची ऐपत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. शिक्षा किती कडक आहे यावर हा नियम टिकत नाही. गणिताच्या तासाला, चित्रकलेच्या तासाला आणि ऑफ तासालाही फोन दिसला की तेच घडते, एवढ्यावर तो टिकतो. आठ शिक्षकांपैकी एकाने जरी ‘जाऊ दे, आज राहू दे’ म्हटले, तरी मुलांना तो शिक्षक पहिल्या आठवड्यातच कळतो. म्हणून नियम लहान, सोपा आणि रोज पेलणारा असावा.

आधी मोजणी करा

किती मुले फोन आणतात हे अंदाजाने ठरवू नका. आठवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीत नाव न लिहिता चिठ्ठ्या भरून घ्या. तीनच प्रश्न पुरेत: शाळेत फोन आणतोस का? कशासाठी आणतोस? शाळेच्या वेळात वापरला जातो तो कुठे? चिठ्ठ्या वर्गशिक्षकांनी स्वतः गोळा कराव्यात, मॉनिटरकडून नको, नाहीतर मुले खरे लिहीत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे नीट वाचा. तिथे खेळ आणि रील्स असतीलच. पण एसटी चुकली तर घरी कळवायचे असते, शाळेतून परस्पर क्लासला जायचे असते, आई-वडील दोघेही कामावर असतात, व्हॅनवाल्या काकांना फोन करावा लागतो, अशीही कारणे निघतात. ही कारणे खरी आहेत. त्यांना पर्याय न देता बंदी केली, तर पालकच मुलाला फोन लपवून न्यायला सांगतात, आणि मग नियम पालकांच्या विरोधात राबवावा लागतो. ते कोणत्याच शाळेला जमत नाही.

याच वेळी शाळेने स्वतःचीही झडती घ्यावी. संध्याकाळी साडेसातला ग्रुपवर गृहपाठ टाकणारी शाळा सकाळी मोबाइल वाईट म्हणू लागली तर मुले ऐकत नाहीत. कोविडच्या काळात लागलेली ही सवय आता मोडायला हवी. गृहपाठ तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत फळ्यावर लिहावा आणि वहीत उतरवून घ्यावा. वर्गाचा ग्रुप फक्त पालकांचा असावा आणि त्यात ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील’ अशी सेटिंग असावी. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड वापरायचे असतील तर शिक्षकांनी ते शाळेच्या पडद्यावर दाखवावेत. ‘घरून मोबाइल घेऊन या’ ही सूचना शाळेकडून एकदाही जाता कामा नये. प्रकल्पासाठी नाही, गॅदरिंगच्या गाण्यासाठीही नाही.

नियमाचा प्रकार निवडा

तीन प्रकार चालतात: फोन अजिबात आणायचा नाही, आणायचा पण बंद करून दप्तरात ठेवायचा, आणायचा आणि शाळेत जमा करायचा.

दप्तरात बंद ठेवण्याचा नियम सर्वांत सोयीचा वाटतो आणि सर्वांत आधी तोच मोडतो. फोन हाताशी असतो, बंद आहे की सायलेंट हे बाहेरून कळत नाही, आणि दर वेळी ‘वापरत होतास’, ‘नाही सर, वेळ बघत होतो’ असा वाद घालावा लागतो. दिवसातून पाच वेळा हा वाद घालण्याची ताकद कोणातच नसते. आमचे मत स्पष्ट आहे: हा प्रकार टाळा.

पाचवी ते सातवीला ‘आणायचाच नाही’ हा नियम योग्य, कारण बहुतेक मुले जवळून येतात किंवा कोणीतरी सोडायला येते. आठवी ते दहावीला, विशेषतः आजूबाजूच्या गावांतून मुली बसने येत असतील तर, ‘पालकांच्या लेखी परवानगीने आणा आणि सकाळी जमा करा’ हा नियम चालतो. साधा बटणांचा फोनही याच नियमात घ्या. ‘हा स्मार्ट नाही, चालेल का?’ हा प्रश्न रोज सोडवत बसायला नको. मोबाइलला जोडणारे घड्याळही जमा.

कायद्याचा आधार विचारला जाईल, म्हणून थोडे माहीत असू द्या. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका केंद्रीय विद्यालयाच्या प्रकरणात या विषयावर मार्गदर्शक सूत्रे दिली. शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही. शक्य तिथे फोन जमा करून घ्यावेत. वर्गात वापर नको. शाळेच्या आवारात आणि शाळेच्या वाहनात कॅमेरा व रेकॉर्डिंग नको. धोरण ठरवताना पालक आणि शिक्षकांचे मत घ्यावे, असे त्यात आहे. महाराष्ट्रातल्या शाळांवर तो निकाल थेट बंधनकारक नाही, पण नियम लिहिताना चांगला आधार आहे. दुसरी बाजू शिक्षण हक्क कायद्याची, म्हणजे २००९ च्या कायद्याची. त्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते, आणि कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. फोनसाठी कान पिळणे, वर्गाबाहेर उभे करणे, परिपाठात नाव पुकारून लाजवणे हे सगळे कलम १७ च्या मनाईत येते.

नियम लिहा, पण अर्ध्या पानात

लांबलचक नियमावली कोणी वाचत नाही. असा मजकूर पुरतो:

‘शाळेच्या आवारात पाऊल ठेवल्यापासून शाळा सुटेपर्यंत विद्यार्थ्याने मोबाइल किंवा मोबाइलला जोडणारे घड्याळ वापरू नये. इयत्ता ५वी ते ७वीच्या विद्यार्थ्यांनी मोबाइल आणू नये. इयत्ता ८वी ते १०वीच्या विद्यार्थ्यांनी पालकांचे परवानगीपत्र दिले असल्यास मोबाइल आणावा व पहिल्या तासाला बंद करून वर्गशिक्षकांकडे जमा करावा. जमा न केलेला मोबाइल दिसल्यास किंवा वाजल्यास तो घेतला जाईल. आवारात व शाळेच्या वाहनात कोणाचाही फोटो, व्हिडिओ किंवा आवाज रेकॉर्ड करू नये.’

‘दिसल्यास किंवा वाजल्यास’ हे शब्द मुद्दाम आहेत. ‘वापरताना आढळल्यास’ असे लिहिले की वापर सिद्ध करायची जबाबदारी शिक्षकावर येते. दिसणे सिद्ध करावे लागत नाही.

हा मसुदा शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघाच्या सभेत वाचून दाखवा, हरकती ऐका, ठराव करून इतिवृत्तात घ्या. आठवी ते दहावीच्या वर्गप्रतिनिधींनाही बोलवा. दप्तरात एरवी फोन कुठे लपतात हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते. सुरुवात जूनमध्ये शाळा उघडताना करा. ती वेळ हुकली तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस धरा. भरल्या सत्राच्या मध्येच नियम लागू केला की तो कोणत्या तरी एका घटनेची शिक्षा वाटतो.

परवानगीपत्र

त्यात मुलाचे नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, फोन आणण्याचे कारण, फोनची कंपनी व रंग, आधीच असलेल्या चिरा आणि आयएमईआय क्रमांकाचे, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाचे, शेवटचे सहा आकडे घ्या. फोनवर *#०६# दाबले की तो क्रमांक पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक दिसतात, पहिला घ्या. फोन हरवला किंवा अदलाबदल झाली तर हे सहा आकडे वाद मिटवतात. पूर्ण क्रमांक पालकांनी घरी लिहून ठेवावा. पोलिसांत तक्रार देताना आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरून हरवलेला फोन बंद करताना तो लागतो.

‘फोनची जबाबदारी शाळेवर नाही’ असे छापून फोन जमा करायची सक्ती करू नका. पालक बरोबरच विचारतात, मग जमा का करायचा? कुलपात ठेवण्याची जबाबदारी शाळेची, आणि जमा न केलेल्या फोनची जबाबदारी पालकांची, असे सरळ लिहा.

पेटी

कापडी खिशांचा पडदा स्वस्त पडतो, पण तो वर्गात उघडा टांगलेला राहतो आणि पीटीच्या तासाला वर्ग रिकामा असतो. सुताराकडून प्लायची पेटी करून घ्या. ४० फोनांसाठी मापे अशी: प्रत्येक कप्पा १० सेंमी लांब आणि २.५ सेंमी रुंद. एका ओळीत ८ कप्पे, अशा ५ ओळी. बाहेरची भिंत १२ मिमी प्लायची, आतले पडदे ४ मिमीचे. पेटी बाहेरून साधारण ५४ सेंमी लांब आणि २५ सेंमी रुंद होते. आतली उंची १९ सेंमी ठेवा, पण आतल्या पडद्यांची उंची १२ सेंमीच. मोठे फोन १६-१७ सेंमीचे असतात, म्हणजे वरचा भाग कप्प्याबाहेर राहतो आणि चिमटीत धरून काढता येतो. पडदे पूर्ण उंचीचे केले तर फोन आत बुडतात आणि मुले पेटी तिरकी करतात. इथेच स्क्रीन फुटतात. तळाला पातळ फोम चिकटवा. झाकणाला कडी-कोयंडा आणि कुलूप. किल्ल्या दोन: एक वर्गशिक्षकांकडे, एक कार्यालयात.

कप्प्यांवर हजेरी क्रमांक लिहा. ६० च्या तुकडीत सगळेच फोन आणत नाहीत, त्यामुळे मोजणीनंतर परवानगी असलेल्यांनाच कप्पा द्या. बहुतेक ठिकाणी एक पेटी पुरते. दोन सत्रांच्या शाळेत त्याच पेट्या दुपारीही वापरता येतात, पण सकाळचे फोन परत गेल्याशिवाय दुपारचे घ्यायचे नाहीत. सत्र बदलताना मैदानात दोन्ही सत्रांची मुले एकत्र असतात आणि तिथे फोन एका हातातून दुसऱ्या हातात जातो. त्या १५-२० मिनिटांत फाटकाजवळ एक शिक्षक उभे राहिलेच पाहिजेत.

वजन लक्षात घ्या. ४० फोन म्हणजे सुमारे ८ किलो, वर पेटीचे वजन. एका शिपायाला दहा पेट्या घेऊन जिना चढता-उतरता येणार नाही. प्रत्येक मजल्यावर एक लोखंडी कपाट ठेवा आणि त्या मजल्याच्या पेट्या तिथेच बंद करा. कपाट उन्हाच्या खिडकीपाशी नको. लिथियमची बॅटरी तापणे धोक्याचे असते. मागचे झाकण फुगून वर आलेला फोन घेऊच नका, पालकांना बोलावून तो परत द्या. शाळेत चार्जिंग कोणालाही नाही. पावसाळ्यात ओले फोन येतात, म्हणून पेटीपाशी एक कोरडे फडके ठेवा.

सकाळ आणि संध्याकाळ

फाटकावर सगळ्या शाळेचे फोन एकत्र गोळा करायचा मोह होतो. हिशेब करून पाहा. एका फोनला सहा सेकंद धरले तरी ३०० फोनांना अर्धा तास लागतो. तेच काम पहिल्या तासाला वर्गात केले तर २५ फोनांना अडीच मिनिटे लागतात.

क्रम असा ठेवा. हजेरीआधी पेटी टेबलावर उघडायची. दहा-दहा क्रमांकांना पुढे बोलवायचे. मुलाने फोनचा पडदा चालू करून दाखवायचा, मग शिक्षकांसमोर बंद करायचा आणि आपल्या कप्प्यात ठेवायचा. पडदा चालू करून दाखवणे वगळू नका. घरातला जुना बंद पडलेला फोन जमा करून खरा खिशात ठेवणे ही सर्वांत जुनी युक्ती आहे, आणि ती याच पायरीवर अडते. फोन सायलेंट नको, पूर्ण बंद हवा. बंद पेटीत थरथरणारे पंचवीस फोन मजल्यावर ऐकू येतात. काही फोन बंद असतानाही त्यांचा गजर वाजतो, तेव्हा शाळेच्या वेळेतले गजर मुलांनी घरूनच काढून यायचे. फोनांची संख्या हजेरीपत्रकाच्या समासात लिहायची आणि कुलूप लावायचे.

उशिरा आलेल्याने फोन कार्यालयात द्यायचा. वर्गशिक्षक रजेवर असतील तेव्हा पेटी कोण उघडणार, हे नाव आधीच ठरलेले हवे. बदली शिक्षकांकडे किल्ली नाही म्हणून त्या दिवशी फोन मुलांकडेच राहिले, असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी मुलेच किल्ली हरवल्याची बातमी आणतात. मॉनिटरला किल्ली देऊ नये. एका मुलावर चाळीस जणांचा दबाव येतो, आणि काही हरवले तर आळही त्याच्यावर येतो.

शाळा सुटण्याआधी पाच मिनिटे पेटी वर्गात यावी. हजेरी क्रमांकाने फोन परत द्यावेत, आणि फोन फाटकाबाहेरच सुरू करायचा हे रोज सांगावे. एखादा फोन उरला तर सकाळचा आकडा पाहा. मूल मधल्या सुट्टीत घरी गेले असेल तर फोन कार्यालयात ठेवून पालकांना कळवा.

फोन सापडला तर

इथे नव्या शिक्षकांचे सर्वाधिक चुकते. बोलायचे वाक्य पाठ असू द्या: ‘फोन बंद कर आणि माझ्याकडे दे. शाळा सुटताना कार्यालयातून मिळेल.’ एवढेच. कोणाशी बोलत होतास, घरी हेच शिकवले का, यातले काही नको. तास पुढे चालू द्या.

मुलाने फोन दिला नाही तर हिसकावू नका. ओढाताणीत फोन पडतो, मुलीचा हात धरला गेला तर वेगळीच तक्रार उभी राहते, आणि चाळीस मुलांसमोर माघार कोणालाच घेता येत नाही. ‘ठीक आहे, पर्यवेक्षक सर येतील’ म्हणून चिठ्ठी पाठवा. नकार दिला की प्रकरण थेट दुसऱ्या पायरीवर जाते, हे मुलांना आधीच माहीत असले पाहिजे.

घेतलेला फोन खाकी पाकिटात घाला. वर नाव, वर्ग, तास, वेळ आणि फोनची स्थिती लिहा, ‘डाव्या कोपऱ्यात चीर’ इतके स्पष्ट. पाकीट बंद करून जोडावर मुलाची आणि शिक्षकाची सही घ्या. कार्यालयात एक नोंदवही ठेवा: तारीख, तास, विषय, वर्ग, हजेरी क्रमांक, कोणी घेतला, कितवी वेळ, केव्हा परत, सही. ‘तास’ आणि ‘विषय’ हे रकाने गाळू नका, पुढे त्यांचाच सर्वाधिक उपयोग होतो.

पायऱ्या तीनच. पहिल्या वेळी फोन त्याच दिवशी शाळा सुटताना मुलालाच परत, आणि घरी फोन करून कळवायचे. दुसऱ्या वेळी पालकांनी येऊन सही करून न्यायचा. मात्र मूल बसने एकटे लांब जात असेल तर पालक येईपर्यंत ते घरी सुखरूप कसे पोहोचेल ते आधी बघा; गरज पडल्यास फोन त्याच दिवशी द्या आणि पालकांना दुसऱ्या दिवशी बोलवा. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापक, पालक आणि मूल एकत्र बसून चार आठवडे परवानगीपत्र स्थगित करायचे, आणि त्या काळात घरी निरोप शाळेच्या फोनवरून द्यायचा.

फोन महिनाभर अडकवून ठेवणे, दंड घेणे आणि फोन फोडणे या तिन्हींना ठाम नकार द्या. महिनाभर अडकवला की पालक भांडायला येतात, मुख्याध्यापक नमते घेतात आणि सगळ्या शाळेला कळते की भांडले की फोन मिळतो. दंड ज्यांना परवडतो त्यांना तो भाडे वाटतो. ज्यांना परवडत नाही त्यांचे मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. आणि हप्त्यावर घेतलेला फोन सगळ्यांसमोर आपटला, तर नुकसान त्या घराचे होते.

फोन उघडून आतले पाहणे हा शाळेचा अधिकार नाही. पॅटर्न विचारू नका, गॅलरी चाळू नका, संदेश मोठ्याने वाचू नका. शंका असेल तर पालकांसमोर मुलाला बोलते करा. दप्तर तपासायची वेळ आलीच तर दोन शिक्षकांसमोर, आणि मुलाने स्वतः वस्तू बाहेर काढायच्या. अंगझडती कोणत्याही कारणाने नाही.

मुले काय काय करतात

जुना फोन जमा करण्याची युक्ती वर आलीच. शिवाय फोन शेजारच्या तुकडीतल्या मित्राकडे दिला जातो, डब्याच्या पिशवीत राहतो, खेळाच्या साहित्याच्या खोलीत किंवा स्वच्छतागृहाच्या खिडकीवर ठेवला जातो. पहिल्या तासाला मुद्दाम उशिरा यायचे आणि कार्यालयाकडे फिरकायचेच नाही, हेही चालते. यासाठी हेरगिरी लागत नाही. मोठी माणसे योग्य वेळी योग्य जागी असली की पुरते: मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाच्या बाहेरच्या व्हरांड्यात एक शिक्षक, मुलींच्या बाजूला शिक्षिका, आणि ऑफ तासाला वर्गात कोणीतरी. नोंदवही सहा आठवडे नीट ठेवली तर बहुतेक फोन ऑफ तासाला आणि दहावीच्या सकाळच्या जादा तासांना निघतात, असे दिसते. जादा तास वर्गशिक्षक घेत नसतात, पेटी कपाटात असते आणि नियम सकाळी आठ वाजल्यापासून सुरू होतो अशी सगळ्यांची समजूत असते. म्हणून जादा तासाची वेगळी पेटी ठेवा.

एकाच आवारात कनिष्ठ महाविद्यालय असेल तर अकरावी-बारावीची मुले जिन्यात फोन घेऊन बसतात आणि नववीच्या मुलांना नियम अन्यायाचा वाटतो. दोन्हींची मधली सुट्टी वेगळी करा, किंवा त्यांच्यासाठी वापराची एक जागा आखून द्या.

शिक्षकांचा फोन

हजेरीचे अ‍ॅप, ऑनलाइन माहिती भरणे, कार्यालयाचे ग्रुप, यांमुळे शिक्षकांना फोन लागतो, हे मुलांना मोकळेपणाने सांगा. पण वर्गात फोन फक्त कामापुरता आणि सर्वांना दिसेल असा टेबलावर. वर्गात आलेला कॉल घेणारे सर पुढच्या तासाला मुलाचा फोन घेऊ शकत नाहीत, मुले तसे बोलूनही दाखवतात. सभेत हा विषय टाळला जातो, कारण तो अवघड आहे. तो घ्यावाच लागतो.

जिथे नियम लागत नाही

टाइप १ मधुमेह असलेल्या काही मुलांच्या दंडावरचा सेन्सर साखरेचे आकडे फोनवर दाखवतो. काहींचे श्रवणयंत्र फोनला जोडलेले असते. दृष्टिबाधित मूल फोनकडून मजकूर वाचून घेते. अशांचा फोन त्यांच्याकडेच राहील. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांचे पत्र घ्या आणि त्या वर्गाला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आधी सांगा, म्हणजे बदली तासाला आलेले सर फोन काढून घेणार नाहीत.

पालकांसाठी कार्यालयाचा एक क्रमांक हवा, आणि तो उचलला गेला पाहिजे. निरोपाची वही ठेवा: वेळ, कोणासाठी, काय, मुलाला केव्हा सांगितले. पहिल्या महिन्यात फोन खूप येतात. निरोप खरेच पोहोचतो असे दिसले की ते कमी होतात. उचललाच गेला नाही, तर पालक मुलाच्या दप्तरात दुसरा फोन टाकतात.

प्रकरण गंभीर असेल तेव्हा

स्वच्छतागृहात किंवा कपडे बदलताना काढलेला व्हिडिओ, फोटोत फेरफार करून फिरवणे, मुलीला धमकावणे हे मोबाइलच्या नियमाचे प्रकरण नाही. इथे तीन पायऱ्या नाहीत. फोन आहे तसा ताब्यात घ्या, काहीही पुसू नका आणि पुसायला सांगू नका. ‘पुरावा’ म्हणून तो व्हिडिओ कोणाही शिक्षकाने स्वतःच्या फोनवर घेऊ नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार लहान मुलांचे अश्लील साहित्य पाठवणे, गोळा करणे, डाउनलोड करणे हा गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना ताबडतोब कळवा. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि न देणे हाही गुन्हा आहे. शाळेच्या पातळीवर ‘मिटवून टाकू’ हा पर्याय उरत नाही. चाइल्डलाइन १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक कार्यालयात आणि तक्रारपेटीवर लावा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीला सोबत घ्या, आणि ज्या मुलीवर किंवा मुलावर हे गुदरले आहे त्याला त्या दिवशी एकटे सोडू नका.

हमखास ढिले पडणारे दिवस

१५ ऑगस्ट, शिक्षक दिन, सहल, गॅदरिंग, परीक्षेचा शेवटचा पेपर. या दिवशी ‘आज फोटो काढायचेत’ म्हणून फोन येतात आणि पुढचे चार दिवस येत राहतात. फोटो काढायला एक शिक्षक नेमा आणि ते पालकांच्या ग्रुपवर टाका, म्हणजे ही मागणीच उरत नाही. सहलीला फोन न्यायचे असतील तर वेगळे परवानगीपत्र घ्या. बसमध्ये फोन जमा, आणि रोज रात्री जेवणानंतर २० मिनिटे घरी बोलायला परत.

किती अपेक्षा ठेवावी

इंग्लंडमधल्या ३० शाळांतल्या १,२२७ मुलांचा बर्मिंगहॅम विद्यापीठाने केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बंधने असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यात फरक आढळला नाही. एकूण फोन जास्त वापरणाऱ्यांची झोप आणि स्वास्थ्य मात्र कमी प्रतीचे दिसले. शाळेचा नियम शाळेचे तास मोकळे करतो, संध्याकाळ मोकळी करत नाही. त्यासाठी घर आणि गाव हवे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून ८.३० पर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. पालकसभेत हे उदाहरण जरूर सांगा. भोंगा नसला तरी एका इमारतीतली चार घरे हे ठरवू शकतात.

नोंदवही दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी काढा आणि विषय-तासाप्रमाणे नोंदी मोजा. एकाच तासाला नोंदी जास्त असतील तर त्या तासाचे नियोजन बघा, मुलांना दोष देऊ नका. एखाद्या शिक्षकाच्या तासाला वर्षभर एकही नोंद नसेल तर त्यांच्याशी शांतपणे बोला. बहुतेकदा त्यांना फोन दिसतात, पण वाद नको असतो, आणि पर्यवेक्षकांनी दोन आठवडे सोबत दिली की ते नोंदवू लागतात. सगळ्या शाळेत सलग महिनाभर शून्य नोंदी आल्या तर खूश होण्याआधी पुन्हा एकदा बिननावाच्या चिठ्ठ्या भरून घ्या. एप्रिलमध्ये दहावीची परवानगीपत्रे काढून टाका, पेट्यांचे सैल झालेले पडदे चिकटवून घ्या, किल्ल्यांची जोडी मोजा, आणि पाचवीत नव्याने येणाऱ्या मुलांच्या पालकांना प्रवेशाच्या दिवशीच ते अर्धे पान हातात द्या.